एकशे एकोणसत्तरातला एक

गेल्या वर्षीच्या आखाडातला शेवटचा रविवार, सकाळचे साडेनऊ. जागा सानपाड्यातला, दुकानांच्या रांगेवरचा लग्नाचा हॉल. प्रवेश फी अडीचशे रुपये, परत न मिळणारी. हजर तिघं: मी, माझी मुलगी ऋतुजा आणि माझे सासरे. ऋतुजा तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. सासरे शहात्तरचे, त्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, नातसुद्धा. माझ्या पिशवीत एक वही होती, वहीत दोन कलमांचा करार होता आणि खाली आम्हा तिघांच्या सह्या होत्या.

हे आठवायचं कारण, परवा सोसायटीच्या ग्रुपवर तीच जाहिरात पुन्हा आली. तोच हॉल, तीच फी, आणि यंदाही आखाडाचा शेवटचा रविवार. ज्या रविवारी आमच्या करावे गावातल्या प्रत्येक घरात मटणाचं नाहीतर मासळीचं पातेलं चढलेलं असतं, त्याच रविवारी हे लोक स्पर्धा का ठेवतात, हा दादांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आमची इमारत गावाच्या अगदी कडेला आहे. जिन्याच्या खिडकीतून तिवरं दिसतात आणि त्यांच्यापलीकडे खाडी. आखाडात ओहोटी लागली की चिखलाचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो. मी साताऱ्याकडची, माझे वडील बाजारात माथाडी होते. लग्न होऊन इथे आले तेव्हा या वासाने मी खिडक्या लावून घ्यायची. आता लावत नाही. पंख्याखाली वाळत घातलेला शाळेचा गणवेश, भाजल्या मसाल्याचा खकाणा, आणि खाली कोणीतरी कोंबडीवाल्याशी घातलेला वाद, या सगळ्यांत तो वासही आता घरचाच झाला आहे.

माझं काम पाण्याचं आहे. पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत मी चोवीस वर्षं आहे. पावसाळ्यात गढूळपणाचे आकडे चढतात, बाटल्या दुप्पट येतात, आणि आम्ही दिवसभर नोंदी करत राहतो. तिथे पहिल्या आठवड्यात मला एक गोष्ट शिकवली गेली आणि ती माझ्या अंगात इतकी मुरली की मी ती स्वयंपाकघरातही पाळते. मधल्या पायरीवर आकडा कधी छाटायचा नाही. दशांश चिन्हानंतरचं सगळं शेवटपर्यंत सांभाळून न्यायचं आणि अगदी अखेरीस एकदाच पूर्णांक करायचा. जो मध्येच छाटतो, त्याचं उत्तर चुकतं.

या एका सवयीमुळे मी गेल्या आखाडात हरले.

ऋतुजाचा खेळ फोनवरचा. समजायला सोपा आहे. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे तीन राक्षस, मैदानात एका वेळी एकेकच. प्रत्येकाला आकडे असतात: जीव किती, हल्ला किती, कवच किती, वेग किती. ज्याचा वेग जास्त तो आधी मारतो. जीव शून्य झाला की तो बाद. तिन्ही बाद झाले की खेळ संपला. शिवाय प्रत्येकाची एक जात असते. कोणी आगीचा, कोणी विजेचा, कोणी पाल्याचा, कोणी पाण्याचा. दादा या सगळ्यांना सरसकट जनावरं म्हणतात.

पहिल्या चाचणीत ऋतुजाचे गणिताचे गुण घसरले तेव्हा मी या खेळाकडे वळले. शत्रूची माहिती आकड्यांत काढायची, मग बोलायचं, असं ठरवून मी एक तक्ता करायला घेतला. तक्ता करता करता मला त्यात गोडी वाटू लागली, हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही.

पाण्याच्या जातीबद्दल माझं मत पहिल्या दोन दिवसांतच चांगलं झालं. आगीचं जनावर एका फटक्यात चमकतं आणि दुसऱ्यात विझतं. विजेचं जनावर वेगवान, पण अंगाने पापुद्र्यासारखं. पाण्याचं जनावर कशातच पहिलं नसतं. हल्ला मध्यम, कवच बरं, जीव भरपूर. आग, दगड, चिखल यांना ते पुरून उरतं. ते घाबरतं दोघांनाच, विजेला आणि पाल्याला. नोकरी करणाऱ्या माणसाला असं जनावर लगेच ओळखीचं वाटतं. रोज वेळेवर येतं, आजारी कमी पडतं, बढती मिळत नाही.

ऋतुजाकडचं जनावर मात्र निव्वळ पाण्याचं नव्हतं. पाणी आणि चिखल अशी त्याची मिश्र जात. डोक्यावर आलेले बटबटीत डोळे, पुढच्या परांवर रेटून उभं राहायची ढब, चिखलाचा रंग. खेळात त्याचं नाव काहीतरी परदेशी होतं. ऋतुजाने ते बदलून ‘निवटा’ ठेवलं, कारण ते हुबेहूब आमच्या खाडीतल्या निवट्यासारखं दिसत होतं. निवटा म्हणजे ओहोटीला चिखलावर येऊन बसणारा, उड्या मारत पळणारा बोटभर मासा. गावातली मुलं पूर्वी हाताने धरायची. दादांनी तर जन्मभर धरले. मी लग्नाला वीस वर्षं होऊनही तो तोंडात घातलेला नव्हता. माझ्याकडे डोळे रोखून बघणारी वस्तू मला खाता येत नाही.

चिखल मिसळल्यामुळे या निवट्याची एक भीती पूर्ण गेली होती. वीज चिखलात जिरते, म्हणून विजेचा वार त्याला लागायचाच नाही. शून्य. पाण्याची बाकी जनावरं ज्या फटक्याने आडवी होतात, तो हा उभ्या उभ्या अंगावर घ्यायचा. पण पाला पाण्यालाही दुप्पट लागतो आणि चिखलालाही दुप्पट. म्हणजे निवट्याला चौपट. एक भीती संपली त्याची किंमत दुसऱ्या भीतीत वसूल केलेली. मला हे फार प्रामाणिक वाटलं. ज्याने हा खेळ बनवला त्याने ताळेबंद जुळवला होता.

म्हणूनच मी ऋतुजाला सांगितलं, “निवटा काढ. त्याच्या जागी ते कासव घे. साधं पाणी आहे, पाला दुप्पटच लागेल.”

“आई, निवटा माझा मेन आहे.”

“मेन असू दे. कोणाकडेही पूर्ण वाढलेली वेल असली की एका वारात संपला तो.”

“नाही संपत. मी एकदा बघितलंय. एकावर राहिला होता.”

“ती वेल पूर्ण वाढलेली नसणार.”

“मला नाही वाटत.”

“वाटण्याचा प्रश्नच नाही, ऋतुजा. हे बघ.”

आणि मी वही उघडली. पाल्याच्या जनावरांत सगळ्यांत जोरदार ती काटेरी वेल. पूर्ण वाढली की तिचा हल्ला एकशे चव्वेचाळीस, वाराची ताकद ऐंशी. निवट्याचं कवच शंभर. खेळाच्या नियमाप्रमाणे हल्ल्याला ताकदीने गुणायचं, कवचाने भागायचं: एकशे पंधरा पूर्णांक दोन. त्याला चारने भागायचं: अठ्ठावीस पूर्णांक आठ. वेल स्वतःच्याच जातीचा वार करते म्हणून दीडपट: त्रेचाळीस पूर्णांक दोन. मग निवट्याला चौपट: एकशे बहात्तर पूर्णांक आठ. शेवटी पूर्णांक केला की एकशे त्र्याहत्तर. निवट्याचा जीव एकशे एकोणसत्तर.

“चार जास्त,” मी म्हटलं. “मेला आणि वर चार उरले.”

ऋतुजाने वही दोनदा वाचली. गुणाकार तपासला. चूक सापडली नाही. तिच्या ओळखीत कोणाकडे पूर्ण वाढलेली वेल नव्हती, त्यामुळे करूनही बघता येईना. पण ती हटली नाही. “तुझं गणित बरोबर आहे,” ती म्हणाली, “तरी तो राहतो.”

मला राग आला. आता वाटतं, मला तो राग ओळखीचा होता. माझे वडील कांद्याची गोणी खांद्यावर घेतली की वजन सांगायचे. सत्तेचाळीस, साडेसत्तेचाळीस. मी शाळेत मापं शिकल्यावर त्यांच्याशी वाद घालायची की काट्याशिवाय असं सांगताच येत नाही. ते म्हणायचे, “येतंय की.” मग काटा बघायचा, आणि तो त्यांच्या बाजूने असायचा. मी पुढे आयुष्यभर काट्याच्या बाजूची झाले, खांद्याच्या बाजूची नाही. पोटची पोरगी खांद्याच्या बाजूने बोलायला लागली तेव्हा मला माझाच पराभव दिसला असावा.

तेव्हा गॅलरीत बसून दादा हे ऐकत होते. “निवटा कशान मरतं बोलते ही?” त्यांनी विचारलं.

“पाल्याने, दादा,” ऋतुजा म्हणाली.

“पाल्यान?” दादा हसले. “आगो, तिवराच्या बुडाशी तं त्याचा घर हाय. पाल्यान मरला असता तं मी त्याला धरला कसा? कोन बोलला तुला?”

“गेममध्ये तसं आहे, दादा.”

“मंग गेमवाला खाडीन उतरला नाय कदी.”

“मग कशाने मरतो?”

दादांनी बोट वर केलं. “निवटा पान्यान मरत नाय, चिखलान मरत नाय. त्याचा बिल बुजवला, का मरतो. नायतं त्याला धरायला गेलास का तो तुझ्याकरं बगत बसतो. पलत नाय. तू हात टाकलास का मंगच उडी मारतो. तवर बगत बसतो.”

हे त्यांनी मासेमारीचं म्हणून सांगितलं. ऋतुजाने ते डावपेच म्हणून ऐकलं, हे मला नंतर कळलं.

मग करार झाला. पहिलं कलम: ऋतुजा पहिल्या चारांत आली तर खेळ चालू राहील. नाही आली तर दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत फोनवरून काढून टाकायचा. हे कलम माझं. त्यात तिचं सगळं पणाला लागलेलं होतं. तीन वर्षं वाढवलेली जनावरं, वर्गातल्या गप्पा, आणि मला वाटतं, आपण एका गोष्टीत चांगल्या आहोत हा तिचा एकुलता एक पुरावा. मला ते कळत होतं आणि तरीही मी लिहिलं.

दुसरं कलम तिने घातलं. “स्पर्धेत पूर्ण वाढलेल्या वेलीचा वार निवट्याने पूर्ण जीव असताना खाल्ला, तर त्याचा जितका जीव शिल्लक राहील तितके निवटे आईने खायचे.”

“शून्य राहील,” मी म्हटलं आणि सही केली.

दादांनी साक्षीदार म्हणून सही करताना फक्त एवढंच विचारलं, “सुके का वले?”

“ओले,” ऋतुजा म्हणाली. “कालवण.”

हॉलवर गेलो तर स्टेजवर लग्नातल्या नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. बत्तीस खेळाडू. सुरुवातीच्या फेऱ्या टेबलांवर, पण शेवटच्या आठांपासून सामने त्या खुर्च्यांवर बसून आणि मागे भिंतीवर पडदा लावून. दादांनी आत शिरताच विचारलं, “लगीन कोनाचा हाय?” नाव लिहून घेणाऱ्या मुलीने हसून त्यांना चहा दिला. त्यांनी तो अहेरासारखा स्वीकारला.

ऋतुजा दोन फेऱ्या जिंकली. पहिल्या दोन सामन्यांत वेल आलीच नाही. लोक पाण्याच्या जनावरांवर वीज घेऊन आले होते, आणि निवटा ती वीज पीत बसला. दोन्ही वेळा फोनवरचा तो शून्य बघून माझ्या मागून वाकून बघणारी मुलं ओरडली. मीही ओरडले असते, पण मांडीवर वही होती.

तिसरी फेरी जिंकली की पहिल्या चारांत. समोर तळवलीचा एक मुलगा, प्रथमेश, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वेळचा विजेता. त्याची तीन जनावरं पडद्यावर आली: घार, विजेची खार आणि काटेरी वेल. पूर्ण वाढलेली. हल्ला एकशे चव्वेचाळीस.

मी स्टेजकडे बघितलं. त्या मोठ्या खुर्चीत ऋतुजाचे पाय जमिनीला टेकत नव्हते. जनावरं निवडायला एक मिनिट होतं. कासव तिच्याकडे होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि निवटा निवडला.

घारीने तिचं पहिलं जनावर पाडलं. खारीने दुसरं. दोन्ही घाईघाईत, मिनिटाभरात. मग निवटा आला, पूर्ण जीव, एकशे एकोणसत्तर. प्रथमेशच्या हाताला वेग होता; सवयीने त्याने खारीचं विजेचं बटण दाबलं आणि स्वतःच कपाळावर हात मारला. शून्य. निवट्याने चिखल फेकला, खार गेली.

आता वेल आली.

वेलीचा वेग सत्तर, निवट्याचा पस्तीस. म्हणजे वेल आधी मारणार, यात वाद नव्हता. निवटा मागे घेऊन वाचवायला तिच्याकडे दुसरं जनावर उरलं नव्हतं, आणि शरणागतीचं बटण दाबून हरलेलं मान्य करायला हरकत नव्हती. त्या दिवशी पाचेक जणांनी वेल बघूनच तसं केलं होतं. ऋतुजा खुर्चीत पुढे सरकली. कोपरं गुडघ्यांवर. दादा माझ्या कानाशी म्हणाले, “बग, बगत बसली.”

वार पडला. पडद्यावरची हिरवी पट्टी डावीकडे धावायला लागली. हिरवी, पिवळी, लाल. मी तिच्यासोबत मनात मोजत होते, एकशे त्र्याहत्तर, एकशे त्र्याहत्तर. पट्टी संपली असं मला दिसलं. मग ती थांबली, आणि शेजारी आकडा आला.

एक.

हॉलमध्ये काय आवाज झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मी वहीत बघत होते. माझं गणित बरोबर होतं. मी ते पुन्हा करत होते. निवट्याने गारठ्याचा वार केला, वेलीला तो दुप्पट लागला, वेल गेली, आणि दादा उठून उभे राहिले होते. मी अठ्ठावीस पूर्णांक आठवर बोट ठेवून बसले होते.

पुढचं लवकर झालं. घार उरली होती. घारीचा वेग एकशे दहा, निवट्याचा जीव एक. घारीने चोच मारली. ऋतुजा हरली.

हे मी जसं घडलं तसं लिहिते. वार झेलणं ही त्या जनावराची ताकद होती, आणि पस्तीसचा वेग ही त्याची कमजोरी, आणि एकाच मिनिटात दोन्ही खऱ्या ठरल्या. जो टिकतो तो पुढे जिंकतोच, असं नसतं. पण तो नुसता बाद झाला नव्हता; जाताना वेल आणि खार घेऊन गेला होता.

प्रथमेश खाली उतरून आमच्याकडे आला. “काकी, तुमी वही घेऊन बसलेल्या ना? काय हिशोब करीत व्हत्या?”

मी वही दाखवली. त्याने ओळीवरून बोट फिरवलं आणि तो हसला, पण वाईट नाही. “पॉइंट धरलं तुमी! यो गेम पॉइंट धरीत नाय, काकी. दर पायरीला उडवतो. एकशे पंधरा. मंग अठ्ठावीस. मंग बेचालीस. मंग एकशे अडुसष्ट.”

एकशे अडुसष्ट. एकशे एकोणसत्तरातून एक.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“मना माहीत व्हता.”

“मग वार कशाला केलास?”

“दुसरा काय करनार? आनि मना वाटला, वेल बगून ती सोडून देल. सगले सोडतान.” मग तो ऋतुजाकडे वळला. “तू नाय सोडला. लय भारी.”

ऋतुजाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ती खाली पडू देत नव्हती.

परतताना रिक्षा केली. सीवूड्सच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, “ऋतुजा, माझा हिशेब चुकला. तुला कासव घ्यायला लावलं असतं तर एवढंही झालं नसतं. मी पहिलं कलम मागे घेते.”

“नको.”

“अगं, मी चुकलेय म्हणतेय.”

“तू दुसऱ्या कलमात चुकलीस, आई. पहिल्यात मी हरले. ती वेगवेगळी आहेत. तूच नंबर घातलेत.”

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने फोन माझ्यासमोर धरला आणि खेळ काढून टाकला. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. मी बाहेर उभी होते. पाणी वाया जातंय असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच म्हटलं नाही.

ते आठ महिने तिने पाळले. एकदाही मागितला नाही. गणिताची वही मात्र वेगळी झाली. उत्तर चुकलं की ती आता पूर्ण खोडत नव्हती. कोणत्या पायरीवर काय उडालं ते शोधून तिथे बारीक गोल करायची. तिने हे माझ्याकडून घेतलं की निवट्याकडून, मला माहीत नाही. मीही प्रयोगशाळेत एक गोष्ट शिकले, पण ती मोठी नाही. आमच्या नियमात बदल करायचं कारण नाही. पाण्याचा आकडा मध्ये छाटायचा नाही तो नाहीच. फक्त दुसऱ्याच्या घरात शिरताना त्यांचा नियम आधी विचारायचा, एवढं. चोवीस वर्षं मी जगाला माझ्याच पद्धतीने पूर्णांक करत होते.

मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला त्या दुपारी तिने खेळ परत घेतला. निवटा जिथे होता तिथेच होता. जीव एकशे एकोणसत्तर, वेग पस्तीस. ती त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, “वेग नाही वाढवायचा. तो तसाच पाहिजे.” परवा जाहिरात आली तेव्हा तिने अर्ज भरला आणि वही माझ्यापुढे टाकली. “घारीचं काय करायचं, आई? हिशेब कर. छाटून कर.” मी तक्त्यात एक नवा रकाना आखला आहे. त्याचं नाव ‘छाट’. घारीवर अजून उत्तर सापडलेलं नाही. सापडेल. सापडेपर्यंत आम्ही दोघी उठणार नाही.

माझं देणं मात्र गेल्या वर्षीच, त्याच रविवारी फिटलं. दादा दुपारीच ओहोटीला कोणाकडून तरी निवटे आणायला गेले आणि अर्धा डझन घेऊन आले. त्यांनी स्वतः राखेत घोळून चोळले, चिंच घातली, आगरी मसाला घातला, आणि पातेलं मंद आचेवर ठेवलं. आमटीचा रंग लाल, वर तेलाचे गोल. खिडकी उघडी होती. खाडीचा वास आणि पातेल्याचा वास मला वेगळे करता येईनात.

ताटात भात वाढला. दादांनी पळीने एक निवटा माझ्या ताटात ठेवला. दुसरा उचलला.

“एकच, दादा,” मी म्हटलं. “एकच शिल्लक राहिला होता.”

“खा गो बाय, कोन मोजतंय?”

“मी मोजते.”

ऋतुजा समोर बसली होती. सुजलेले डोळे, हातात भाकरी, आणि गालात यायला लागलेलं हसू. निवटा ताटातून माझ्याकडे बघत होता. मीही बघत बसले. मग काटा काढला आणि खाल्ला, डोक्यासकट, कारण करारात ‘निवटा’ लिहिलं होतं, ‘निवट्याचा तुकडा’ नव्हे. चवीला गोडसर होता. चिखलाची चव नव्हती.

दादांनी वही मागितली, चष्मा लावला आणि दुसऱ्या कलमासमोर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: एक निवटा, सुनेकडून ऋतुजाला, मिलाला.